‘व्यक्तिमत्त्व’: दहापैकी किती?

चाकणच्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं मुलाखतींच्या पॅनेलवर बसले. गाड्यांचे सुटे भाग बनवणारी कंपनी, कोथरूडहून सकाळी साडेसहाची बस. उमेदवाराला गुण द्यायला आमच्याकडे एक पानी फॉर्म होता. विषयाचं ज्ञान, विचार करायची पद्धत, अनुभव, संवाद अशा ओळी, आणि सगळ्यात खाली ‘व्यक्तिमत्त्व – १० गुण’. या शेवटच्या ओळीत नेमकं काय मोजायचं हे कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं. तरी ती ओळ कधी कोरी राहिली नाही.

एकदा प्रॉडक्शनमधल्या ट्रेनीच्या जागेसाठी एकाच दिवशी दोन मुली आल्या. पहिली दिसायला इतकी सुंदर की चहा घेऊन आलेला पोऱ्या ट्रे ठेवून दोन सेकंद जास्तच थांबला. दुसरी सावळी, ठेंगणी, चष्मा, दात थोडे पुढे. दोघींना एकच प्रश्न विचारला: साप्ताहिक सुट्टीनंतर पहिल्या शिफ्टला सुरुवातीच्या नगांचा बोअर, म्हणजे आतल्या भोकाचा व्यास, मापात का बसत नाही? पहिली म्हणाली, मशीन थंड असतं, चालायला लागलं की स्पिंडल, म्हणजे फिरणारा दांडा, तापून प्रसरतो आणि माप सरकतं. म्हणून आधी मशीन थोडा वेळ रिकामं फिरवावं आणि पहिले चार-पाच नग मोजूनच ऑफसेट, म्हणजे मापाची दुरुस्ती, द्यावा. दुसरीनंही हेच सांगितलं, जरा अडखळत. वर कूलंटचं, म्हणजे काम चालू असताना थंड ठेवणाऱ्या द्रवाचं, तापमानही बघायला हवं अशी भर घातली.

दोघी बाहेर गेल्यावर प्रॉडक्शनचे साहेब म्हणाले, “पहिली हुशार आहे हो, पण फ्लोअरवर नको. पोरं कामं सोडून हिच्याकडेच बघत बसतील. कस्टमर कोऑर्डिनेशनला द्या.” आणि दुसरी? “ती चालेल. फक्त उद्या ऑडिटला कस्टमरसमोर उभी करता येणार नाही.”

मी मनातल्या मनात चिडले. मग स्वतःच्या फॉर्मकडे लक्ष गेलं. पहिलीला व्यक्तिमत्त्वात आठ, दुसरीला पाच. का, हे मला सांगता येणार नाही. म्हणजे येईल, पण लाज वाटते.

बाईचं दिसणं आणि तिचं म्हणणं लोकांनी मनावर घेणं यांचा संबंध काय, यावर शंभर वर्षं संशोधन चालू आहे. सुरुवात झाली ती बायकांपासून नाही, सैनिकांपासून. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२० साली एक निबंध छापला. लष्करी अधिकाऱ्यांना त्यानं हाताखालच्या माणसांची बुद्धी, शरीरयष्टी, नेतृत्व, चारित्र्य यांचा वेगवेगळा विचार करून गुण द्यायला सांगितलं होतं. आलेले गुण मात्र एकमेकांना चिकटलेले निघाले. जो अंगापिंडानं चांगला, तो हुशारही, नेतृत्वाचा धनीही आणि चारित्र्यवानही. थॉर्नडाइकने याला ‘हॅलो’ म्हटलं, म्हणजे देवादिकांच्या तसबिरीत डोक्यामागे असतं ते तेजोवलय. मला स्वतःला जुन्या वाड्याच्या भिंतीतली ओल आठवते. ओल खालून वर चढते. आमच्या फॉर्मची तळाची ओळ अशीच वर झिरपायची आणि ‘विषयाचं ज्ञान’पर्यंत पोचायची.

पुढे १९७२ मध्ये करेन डायन, एलन बर्शाइड आणि इलेन वॉल्स्टर यांनी विद्यार्थ्यांना अनोळखी लोकांचे फोटो दाखवून ही माणसं कशी असतील ते विचारलं. देखण्यांचा स्वभाव चांगला असेल, नोकरी चांगली असेल, संसार सुखाचा असेल, असं उत्तर आलं. फक्त आईवडील म्हणून ते जास्त चांगले असतील असं कुणाला वाटलं नाही. दोन वर्षांनी डेव्हिड लँडी आणि हॅरल्ड सिगल यांनी मुलांच्या हातात एक निबंध दिला आणि सोबत लेखिकेचा म्हणून फोटो लावला, काहींना सुंदर मुलीचा, काहींना बेताच्या. सुंदर फोटोला गुण जास्त मिळाले. पण खरी गंमत निबंधाच्या दर्जात होती. निबंध चांगला असेल तर फरक थोडा. निबंध भिकार असेल तर फरक मोठा. म्हणजे रूपवतीला चूक माफ होते, बेताच्या मुलीला होत नाही.

इथवर वाचून कुणालाही वाटेल की सुंदर बाईचं सगळं सोपंच आहे. मलाही तसंच वाटायचं. मी काही चारचौघींत उठून दिसणारी नाही, त्यामुळे हा समज मला सोयीचाही होता.

तो समज मोडणारा अभ्यास १९७९ चा आहे आणि तो वाचताना मला आमची चाकणची खोलीच डोळ्यांसमोर आली. मॅडलिन हाइलमन आणि लोइस सारुवातारी यांनी नोकरीच्या अर्जांना फोटो जोडले. जागा दोन प्रकारच्या होत्या, एक कारकुनी आणि दुसरी व्यवस्थापकाची. पुरुष देखणा असेल तर दोन्हीकडे फायदा. बाई सुंदर असेल तर कारकुनी जागेसाठी फायदा, आणि व्यवस्थापकाच्या जागेसाठी तोटा. पुरुषाचं रूप कायम जमेच्या बाजूला. बाईचं रूप जागा बघून कधी जमा, कधी नावे.

असं का होतं? प्रत्येक पदाचा एक फोटो आपल्या डोक्यात आधीच टांगलेला असतो. ‘साहेब’ म्हटलं की कोण दिसतं, ‘रिसेप्शन’ म्हटलं की कोण दिसतं, हे स्वतःलाच विचारून बघा. समोरचा माणूस त्या फोटोच्या जितका जवळ, तितका तो लायक वाटतो. सुंदर बाई आपल्याला जास्त ‘बाई’ वाटते, आणि म्हणून ‘साहेब’च्या फोटोपासून आणखी लांब जाते. आपली भाषासुद्धा चाचपून बघा. वरिष्ठासाठी आपले शब्द करारी, धडाडीचा, खमक्या. सुंदर मुलीसाठी नाजूक, लाघवी, गोड. ‘गोड’ आणि ‘करारी’ एका वाक्यात एकाच बाईसाठी वापरलेले मी तरी ऐकलेले नाहीत. आणि ‘खमकी’ हा शब्द बाईसाठी निघाला की त्यात निम्मी तक्रारच असते.

२०१० मध्ये स्टेफनी जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या कामांची यादी घेऊन पुन्हा तपासलं. जी कामं पुरुषी समजली जातात आणि जिथं दिसण्याला काही महत्त्व नाही, नेमक्या तिथंच सुंदर बायका मागे पडल्या. शास्त्रज्ञांचंही तेच. २०१६ च्या एका अभ्यासात खऱ्याखुऱ्या शास्त्रज्ञांचे फोटो लोकांना दाखवले. बाई जितकी ‘बायकी’ दिसणारी, तितकी ती शास्त्रज्ञ असेल असं लोकांना कमी वाटलं. पुरुषांच्या बाबतीत दिसण्याने काही फरक पडला नाही.

आता माझ्या मते या सगळ्याचा गाभा. आपण दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करतो: एखादी बाई आवडणं आणि तिचं म्हणणं मनावर घेणं. ॲलिस ईगली आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये तोवरचे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा तेजोवलयाचा उजेड सगळीकडे सारखा पडत नाही हे दिसलं. देखणी माणसं मनमिळाऊ असतील, चार लोकांत मिसळणारी असतील, हा समज सर्वांत पक्का. बुद्धीबद्दलचा समज मध्यम. प्रामाणिकपणा आणि दुसऱ्याची काळजी याबाबतीत जवळजवळ शून्य. म्हणजे रूपानं दार उघडतं, खुर्ची मिळते, लोक हसून बोलतात. पण शब्दाला वजन येतं ते कुवत आणि भरवसा यांच्यामुळे, आणि तिथं रूपाचा हात आखडता. २०१९ मध्ये लीह शेपर्ड आणि स्टेफनी जॉन्सन यांनी कामगारकपातीसारख्या निर्णयाबद्दल बोलणाऱ्या बायकांचे फोटो दाखवले. सुंदर बाईच्या सांगण्यावर लोकांचा विश्वास कमी बसला.

आमच्या मीटिंगमध्ये हे रोज दिसायचं. सुंदर मुलीला बोलायची संधी लगेच मिळते, सगळे माना वळवून ऐकतात, आणि पुढच्या मुद्द्याला जातात. बेताच्या मुलीला मुळात मधे तोंड घालायलाच चार प्रयत्न लागतात. नुकसान दोघींचं, फक्त वेगवेगळ्या दारात.

यात भर घालतं ते कौतुक. नेथन हेफ्लिक आणि जेमी गोल्डनबर्ग यांनी २००९ मध्ये विद्यार्थ्यांना अमेरिकेतल्या राजकारणी सेरा पेलिन किंवा नटी अँजेलिना जोली यांच्यावर चार ओळी लिहायला सांगितल्या. निम्म्यांनी त्यांच्या दिसण्यावर लिहायचं, निम्म्यांनी त्यांच्यावर माणूस म्हणून. दिसण्यावर लिहिणाऱ्यांना त्याच बाया कमी कर्तबगार वाटल्या. नुसतं लक्ष रूपाकडे वळवलं, एवढंच. हे वाचल्यावर मला आमचा एक प्रसंग बोचला. एक सहकारी वर्षभराच्या रिजेक्शनचा, म्हणजे बाद झालेल्या नगांचा, हिशेब मांडायला उभी राहिली होती. नारायणपेठ नेसली होती, कारण संध्याकाळी घरी हळदीकुंकू होतं. प्रोजेक्टर लागेपर्यंत कुणीतरी म्हणालं, “वा, आज काय विशेष? फारच छान दिसताय.” सगळे हसले, मीसुद्धा त्यात सूर मिसळला. तिची पहिली तीन मिनिटं तिथंच गेली. कुणाचा हेतू वाईट नव्हता. पण तिच्या आकड्यांवर त्या दिवशी एकही प्रश्न आला नाही, आणि आमच्याकडे प्रश्न न येणं म्हणजे आकडे कुणी ऐकलेच नाहीत असं समजायचं.

बेताच्या दिसण्याची किंमत अर्थशास्त्रज्ञांनी पैशांत काढली आहे. डॅनियल हॅमरमेश आणि जेफ बिडल यांचा १९९४ चा अभ्यास यात प्रसिद्ध आहे. अमेरिका आणि कॅनडातल्या आकड्यांवरून त्यांनी दाखवलं की दिसायला कमी समजल्या जाणाऱ्या माणसांची कमाई साधारण दिसणाऱ्यांपेक्षा ५ ते १० टक्क्यांनी कमी भरते. देखणेपणाचा बोनस यापेक्षा थोडा कमीच. आणि हा दंड पुरुषांनाही बसतो, तेव्हा फक्त बायकांचं दुखणं म्हणून याकडे बघू नये.

बायकांच्या वाट्याला जास्तीचं येतं ते निराळं. जॅकलिन वाँग आणि अँड्र्यू पेनर यांनी २०१६ मध्ये ‘देखणं असणं’ आणि ‘नीटनेटकं आवरलेलं असणं’ या दोन गोष्टी वेगळ्या काढून पगाराशी ताडून पाहिल्या. पुरुषांत आवरण्याचा वाटा निम्मा निघाला. बायकांत मात्र रूपाचा म्हणून जो फायदा दिसत होता तो जवळजवळ सगळाच आवरण्याचा होता. केस, कपडे, चेहरा. म्हणजे जे निसर्गाचं देणं समजलं जातं ते बरंचसं पहाटेचं काम आहे, आणि त्याचं बिलही तिनंच भरायचं.

पुण्यात हे काम कुठं होतं ते मी सांगते: ऑफिसच्या पार्किंगमध्ये. सकाळी नळस्टॉपच्या सिग्नलला उभं राहून बघा. स्कूटीवरच्या मुली डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फमध्ये गुंडाळून, हातात लांब मोजे चढवून उभ्या असतात. बाहेरगावच्या पाहुण्यांना दरोडेखोरांची टोळी वाटते. त्या दोन मिनिटांत कोण सुंदर आणि कोण बेताची हे कुणालाही सांगता येत नाही. मग त्या पार्किंगमध्ये शिरतात, हेल्मेट काढतात, स्कार्फचे वेढे सोडतात, आरशात वाकून चपटे झालेले केस मोकळे करतात, लिपस्टिक लावतात, रुमालाने थोडी पुसतात (फार गडद नको, लोक काय म्हणतील) आणि मग लिफ्टचं बटण दाबतात. शेजारी गाडी लावणारा पुरुष तोवर वर जाऊन पहिला चहा संपवतो. ‘थोडी पुसतात’ इथं मला सगळा प्रश्न दिसतो. न लावली तर गबाळी, जास्त लावली तर नटवी, आणि मधली रेघ नेमकी कुठं हे दुसरेच ठरवणार.

‘सुंदर’ कशाला म्हणायचं हेही कुणी आकाशातून ठरवून दिलेलं नाही. आपल्याकडे त्यातला मोठा भाग म्हणजे गोरेपणा. ‘फेअर अँड लव्हली’ १९७५ मध्ये बाजारात आली. २०२० मध्ये नावातलं ‘फेअर’ जाऊन ‘ग्लो’ आलं. वधू पाहिजेच्या मजकुरातलं ‘गोरी, सडपातळ’ काही हललं नाही. आणि पुण्यात तर ‘व्यक्तिमत्त्व’ नुसत्या डोळ्यांनी मोजत नाहीत, कानांनीही मोजतात. बीडची किंवा सोलापूरची एखादी मुलगी ‘आनि’, ‘पानी’ म्हणाली की पॅनेलवरच्या दोघांची नजरानजर होते. मी ती होताना पाहिली आहे. मग फॉर्मवर ‘पॉलिश हवं’ असा शेरा पडतो. ते पॉलिश म्हणजे कुठल्या घरात, कुठल्या जातीत, कुठल्या पेठेत जन्म झाला याचा अंदाजच असतो. चेहरा हे एक निमित्त.

डोक्याच्या आकारावरून अक्कल ठरवण्याचा उद्योग तर एकेकाळी विज्ञान म्हणून चालायचा, आणि त्याला पुण्याच्याच एका बाईनं आव्हान दिलं होतं. इरावती कर्वे १९२०च्या दशकाच्या शेवटी बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांचं म्हणणं असं की गोऱ्या युरोपियनांची तर्कबुद्धी वरचढ, आणि त्याची खूण म्हणून त्यांच्या कवटीची एक बाजू दुसरीपेक्षा मोठी असणार. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि असा वांशिक फरक दिसत नाही असं सरळ लिहून दिलं, खुद्द त्याच मार्गदर्शकाच्या हाताखाली. पुढे त्या डेक्कन कॉलेजात शिकवायला आल्या आणि पुण्यात स्कूटर चालवणाऱ्या पहिल्या बायकांपैकी एक म्हणूनही ओळखल्या गेल्या. त्यांच्या डोक्यावर स्कार्फ नसणार.

चेहरा झाकला तर काय होतं, हेही लोकांनी तपासलं आहे. इस्रायलमध्ये ब्रॅडली रफल आणि झीव श्टुडिनर यांनी २,६५६ जागांसाठी ५,३१२ रिझ्युमे जोडीजोडीनं पाठवले. जोडीतल्या एकावर फोटो, दुसऱ्यावर नाही. देखण्या पुरुषांना सर्वांत जास्त बोलावणी आली. बायकांत सर्वांत जास्त बोलावणी फोटोच न लावलेल्यांना आली, आणि सुंदर बाईला साध्या बाईपेक्षाही फायदा झाला नाही. २०१५ मध्ये हा अभ्यास छापून आला, तेव्हा लेखकांनी कारण सुचवलं की रिझ्युमे चाळणाऱ्या बहुतेक तरुण बायका असतात आणि त्यांना असूया वाटते. मला हे स्पष्टीकरण फार सोयीचं वाटतं. आमच्या पॅनेलवर चारांत तीन पुरुष होते आणि तिथंही फ्लोअर नाकारला गेलाच.

दुसरं उदाहरण स्वीडनचं. करोनात वर्ग ऑनलाइन गेले, तेव्हा आद्रियान मेहिच या संशोधकानं इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांचे आधीचे आणि नंतरचे गुण ताडून पाहिले. गणितासारख्या विषयांत सुंदर असण्यानं फारसा फरक पडत नव्हता. ज्या विषयांत शिक्षकांशी चर्चा, प्रकल्प, सादरीकरण येतं तिथं सुंदर मुलींचे गुण समोरासमोरच्या वर्गात जास्त होते, आणि वर्ग ऑनलाइन झाल्यावर घसरले. देखण्या मुलांचे मात्र घसरले नाहीत. म्हणजे मुलांच्या बाबतीत आत्मविश्वासासारखं काहीतरी त्यांच्या स्वतःपाशी साठलेलं होतं, आणि मुलींचा फायदा बघणाऱ्याच्या डोळ्यांत होता. डोळे हटले, फायदाही गेला. हा निकाल मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो, कारण ज्या मुलीचे गुण उतरले तिनं आता काय समजायचं? आधीचे गुण आपले नव्हतेच, असं? हुशार, देखण्या मुलींशी बोलताना ही शंका मी अनेकदा ऐकली आहे: “मॅडम, मला घेतलं ते कशासाठी, हे मला कधी कळणारच नाही.”

उपायांबद्दल थोडक्यात. रिझ्युमेवर फोटो मागू नये. पहिली फेरी फोनवर घ्यावी. सगळ्यांना तेच प्रश्न त्याच क्रमानं विचारावेत आणि पॅनेलनं एकमेकांशी बोलण्याआधी आपापले गुण लिहून टाकावेत. हे आम्ही केलं, आणि निदान चर्चा ‘कशी वाटली’वरून ‘काय म्हणाली’वर आली. आणखी एक उपाय २०१४ च्या एका अभ्यासात आहे: बांधकामासारख्या पुरुषी कामाच्या मुलाखतीत सुंदर उमेदवारानं स्वतःच “मी इथं नेहमी दिसणाऱ्यांसारखी दिसत नाही, कल्पना आहे” असं बोलून टाकलं, तर तोटा कमी होतो. चालत असेल. पण समोरच्याच्या डोक्यातला फोटो पुसायचा ओला बोळाही तिनंच घरून आणायचा, हे मला पटत नाही.

त्या दोघींचं काय झालं? पहिलीला कस्टमर कोऑर्डिनेशनची ऑफर गेली, तिनं ती घेतली नाही. दुसरी फ्लोअरवर रुजू झाली. तिचा कूलंटचा मुद्दा बरोबर होता हे आम्हाला तिसऱ्या महिन्यात कळलं. कस्टमरच्या ऑडिटला पुढची दोन वर्षं तिच्या लाइनची माहिती दुसराच कुणीतरी देत होता.

काही वर्षांनी फॉर्म बदलायचं काम माझ्याकडे आलं आणि मी तळाची ओळ काढून टाकली. नव्या फॉर्मवरच्या पहिल्याच मुलाखतीत साहेबांनी कागद उलटून मागची बाजू बघितली, परत पुढची बघितली.

“मॅडम, मग ते आता कुठं लिहायचं?”

“काय?”

ते जरा थांबले. “हेच हो... एकंदर.”

मी काही बोलले नाही. त्यांनी पेन उघडलं आणि ‘संवाद’च्या चौकटीत सातचे आठ केले.